१९२ एमबीपैकी हातात किती आले? टी-मोबाइल जी-वनचं प्रकरण

पहिला अँड्रॉइड फोन कुठला असं विचारलं तर नाव बऱ्याच जणांना आठवतं, एचटीसी ड्रीम, अमेरिकेत टी-मोबाइलने जी-वन म्हणून विकला तो. पण तो वापरायला कसा होता म्हटलं की उत्तर एकच, "स्लो होता". आता स्लो म्हणजे नक्की कुठे आणि का, हे मात्र कोणी सांगत नाही. माझं मत असं की प्रोसेसरवर जेवढं खापर फुटलं तेवढा त्याचा दोष नव्हताच, खरी बोंब मेमरीची होती, आणि तीही दोन वेगवेगळ्या मेमरींची, ज्यांची लोक बोलताना सर्रास खिचडी करायचे. म्हणून हे एकच प्रकरण जरा सविस्तर उघडून बघू.

आधी फोन काय होता ते. २३ सप्टेंबर २००८ ला न्यूयॉर्कमध्ये जाहीर झाला, २२ ऑक्टोबरपासून अमेरिकेत विक्री, दोन वर्षांच्या करारावर १७९ डॉलर. ३.२ इंची स्क्रीन, ३२० बाय ४८०, बाजूला सरकवली की खाली पाच ओळींचा खराखुरा कीबोर्ड, समोर फिरवायचा छोटा ट्रॅकबॉल. आत क्वालकॉमची एमएसएम७२०१ए चिप, तिच्यात ५२८ मेगाहर्ट्झचा एआरएम११ प्रोसेसर, १९२ एमबी रॅम, २५६ एमबी फ्लॅश (ॲप्स आणि डेटा कायम साठवायची जागा), १,१५० एमएएचची बॅटरी. हेडफोनचा साधा जॅक नाही, एचटीसीची स्वतःची चपटी पिन. कॅमेरा ३ मेगापिक्सेल, त्यात सुरुवातीला व्हिडिओ शूटिंगसुद्धा नव्हतं, आणि स्क्रीनवरचा कीबोर्डही नव्हता, म्हणजे दोन शब्द लिहायचे तरी स्क्रीन सरकवा. या दोन्ही गोष्टी अँड्रॉइड १.५ बरोबर २००९ मध्ये आल्या. तरी फोन चालला, एप्रिल २००९ मध्ये टी-मोबाइलने अमेरिकेत दहा लाख विकल्याचं सांगितलं होतं.

आता लक्षण बघा. ब्राउझरमध्ये एक-दोन जड पानं उघडलीत, मग होमचं बटण दाबलंत. वॉलपेपर येतो. आयकॉन नाहीत. तुम्ही थांबता, स्क्रीनवर बोट मारता, काही नाही, मग चार-पाच सेकंदांनी आयकॉन येतात आणि मघाशी मारलेलं बोट आत्ता लागतं, नको ते ॲप उघडतं. दुसरं लक्षण त्याहून वाईट, फोन वाजतोय पण कोणाचा आहे ते दाखवणारी स्क्रीन येतच नाही, येईपर्यंत समोरच्याने ठेवलेला. फोनवर फोन उचलता येत नाही म्हणजे काय बोलणार. आणि गंमत अशी की नवा कोरा फोन पहिले काही दिवस असं करायचा नाही, ॲप्स भरत गेली, जीमेलमध्ये मेल साठत गेले, की मग सुरू.

लोकांनी काढलेलं पहिलं निदान, प्रोसेसर कमी पडतोय. त्याला कारणही होतं, कारण चिप ५२८ ची असली तरी कारखान्यातून येताना ती ३८४ मेगाहर्ट्झवर बांधलेली होती, बॅटरी वाचवायला. बॅटरी एवढीशी आणि मेल, कॉन्टॅक्ट्स, चॅट सगळं मागे सतत सिंक होत असलेलं, त्यामुळे ते बांधून ठेवणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, तसंही थ्रीजी चालू ठेवून संध्याकाळपर्यंत फोन टिकला तर नशीब. पुढे रूट केलेल्या, म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळवलेल्या, फोनवर लोकांनी छोटं ॲप टाकून तो परत ५२८ वर नेला. फरक पडला, स्क्रोल जरा बरा झाला, पानं लवकर उघडली. पण होम दाबल्यावर आयकॉन गायब व्हायचे ते गायबच. इथेच खरं तर लक्षात यायला हवं होतं की आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं चाललंय.

रॅमचा हिशोब मांडू. डब्यावर १९२. पण टर्मिनलमध्ये मेमइन्फो, म्हणजे सिस्टीमची मेमरीची नोंद, काढून बघितलं की एकूण मेमरी दिसायची ९७-९८ हजार केबीच्या आसपास, म्हणजे शंभर एमबीपण नाही. फ्लॅट बुक करताना सुपर बिल्ट-अप सांगतात आणि ताबा घेताना कार्पेट मोजला की तोंड पडतं, तसं. बाकीची कुठे गेली? चोरीला नाही गेली. त्या चिपमध्ये एकाच तुकड्यावर दोन प्रोसेसर होते, एक अँड्रॉइड चालवणारा आणि दुसरा एआरएम९, नेटवर्कचं म्हणजे मोडेमचं काम बघणारा, आणि दोघांची रॅम सामायिक. मोडेमचा हिस्सा आधीच बाजूला काढलेला, त्यात लिनक्सने (अँड्रॉइडच्या पायाशी असलेल्या सिस्टीमने) हात घालायचा नाही. मग ग्राफिक्ससाठी, स्क्रीनवरचं चित्र साठवणाऱ्या फ्रेमबफरसाठी, कॅमेऱ्यासाठी सलग तुकडे राखून ठेवलेले, कॅमेरा तुम्ही वापरा न वापरा. हे सगळं वजा करून जे उरलं त्यात लिनक्सचं कर्नल म्हणजे गाभा, त्यावर अँड्रॉइडची सिस्टीम सर्व्हिस, फोनची प्रोसेस, गूगलची सिंक करणारी मंडळी, आणि या सगळ्यांची पंगत उठल्यावर मग तुमचा ब्राउझर.

आता अँड्रॉइडची रचना अशी की प्रत्येक ॲपला स्वतंत्र प्रोसेस आणि स्वतःचं डाल्विक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे ॲपचा कोड चालवणारा प्रोग्रॅम. हे महाग पडू नये म्हणून त्यांनी डोकं चांगलं लढवलेलं, झायगोट नावाची एक प्रोसेस आधीच सगळ्या कॉमन लायब्ररी भरून तयार बसते आणि नवीन ॲप म्हणजे तिचीच फांदी, त्यामुळे कॉमन भाग सगळ्यांत मिळून एकदाच मेमरीत राहतो. प्रत्येक ॲपच्या हीपला, म्हणजे चालताना वापरायच्या मेमरीला, १६ एमबीची मर्यादा. आणि मेमरी संपत आली की कर्नलमधला लो मेमरी किलर मागे पडलेल्या प्रोसेस एकेक करून मारतो, ॲपने आपली अवस्था आधी जपून ठेवलेली असते, परत उघडलं की तिथूनच पुढे सुरू व्हावं अशी अपेक्षा. कागदावर झकास आहे हे सगळं, आजही अँड्रॉइडचा सांगाडा साधारण हाच आहे.

शंभर एमबीत मात्र ते कोलमडायचं, कारण मारायला मागे पडलेलं असं काही उरायचंच नाही. ब्राउझरने एक मोठं पान उघडलं की किलर एकेक करत चढत जायचा आणि शेवटी होम स्क्रीनपर्यंत पोचायचा, कारण सिस्टीमच्या दृष्टीने होम हेही एक ॲपच, आत्ता समोर नाही ना, मग मारा. तुम्ही होम दाबलं की ते बिचारं शून्यातून उठून सगळे आयकॉन फ्लॅशमधून परत वाचणार. ते चार-पाच सेकंद म्हणजे हेच. इनकमिंग कॉलचंही तसंच, फोनची मूळ प्रोसेस कायम जिवंत असते म्हणून रिंग वाजायची, पण कॉलची स्क्रीन उभी करायला मेमरी मोकळी व्हावी लागायची, नेमकं त्याच वेळी किलर आणि सिंक आणि ब्राउझर यांची मारामारी चालू.

यावर त्या काळातला सर्वात लोकप्रिय उपाय म्हणजे टास्क किलर. विजेटवर टिचकी मारली की "एवढे एमबी मोकळे केले" असा आकडा यायचा आणि माणूस खूष. माझ्या मते त्या काळात एवढं नुकसान दुसऱ्या कुठल्या ॲपने केलं नसेल, कारण मारलेल्या अर्ध्या सर्व्हिसेस लगेच परत सुरू व्हायच्या, परत सुरू होताना प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही खायच्या, आणि आकडा मात्र छान दिसायचा. मोकळी रॅम बघून समाधान वाटणं हा रोग अजून गेलेला नाही, आजही लोक मागची सगळी ॲप्स वर ढकलून बंद करत बसतात.

प्रोसेसर अगदीच निर्दोष होता असं म्हणायचं नाही मला. तेव्हाच्या डाल्विकमध्ये जेआयटी, म्हणजे कोड चालता चालता थेट प्रोसेसरच्या भाषेत बदलणारा भाग, नव्हता, त्यामुळे बाइटकोड (ॲपचा मधल्या भाषेतला कोड) एकेक सूचना वाचत चालवायचा, जेआयटी आला तो अँड्रॉइड २.२ मध्ये, २०१० साली. गार्बेज कलेक्शन (नको झालेली मेमरी साफ करणं) सुरू झालं की ॲप जागच्या जागी थांबायचं, कधीकधी १०० मिलीसेकंदांच्या वर, आणि स्क्रोल गुळगुळीत दिसायला एक फ्रेम साधारण १६ मिलीसेकंदांत निघावी लागते, म्हणजे काय ते समजा. शिवाय खिडकीच्या आतलं सगळं चित्र प्रोसेसर स्वतः काढायचा, ग्राफिक्स चिपची मदत फक्त तयार थर एकावर एक मांडायला. शेजारी आयफोन थ्रीजी ठेवा, त्यात रॅम १२८ एमबी म्हणजे कागदावर जी-वनपेक्षा कमी, प्रोसेसर ४१२ मेगाहर्ट्झ, त्याच एआरएम११ घराण्यातला, आणि तरी स्क्रोल लोण्यासारखा, कारण हलणारे थर ग्राफिक्स चिपकडे सोपवलेले आणि बाहेरच्या ॲपला मागे चालायची परवानगीच नाही, ती मिळाली थेट २०१० मध्ये. ॲपलने माणसाच्या हातातलं एक काम नीट होऊ दे म्हणून बाकी सगळं बंद केलं, गूगलने सगळं चालू ठेवलं आणि हार्डवेअर गाठेल कधीतरी म्हणून वाट बघितली. दोन्ही बरोबर असेल, पण वाट बघायचं काम जी-वन घेणाऱ्याकडे आलं.

आता दुसरी मेमरी, फ्लॅश. मला विचाराल तर हा जास्त मोठा कंजूषपणा होता. आयफोन थ्रीजी ८ किंवा १६ जीबीचा, आणि इथे एकूण २५६ एमबी, त्यात तीन मोठे वाटे. सिस्टीमला साधारण ६७, कॅशला साधारण ६७, आणि तुमच्या डेटाला साधारण ७५ एमबी. तुमची सगळी ॲप्स, त्यांचा डेटा, मेल, मेसेज, ब्राउझरची कॅश, सगळं त्या ७५ मध्ये. वर आणखी, ॲप टाकलं की त्याचा कोड डाल्विकसाठी तयार करून त्याची वेगळी प्रत तिथेच ठेवली जायची, म्हणजे २ एमबीचं ॲप २ एमबीत कधी मावायचंच नाही. एसडी कार्ड १६ जीबीपर्यंत घालता यायचं, पण त्यावर गाणी-फोटो ठेवा, ॲप नाही. कार्ड रिकामं, फोन भरलेला, आणि मार्केटमध्ये (आजचं प्ले स्टोअर) रोज नवीन ॲप्स येतायत, असा तो दुष्काळ.

आणि जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली, म्हणजे सातेक एमबी उरली, की वर पट्टीत इशारा यायचा. लोक दुर्लक्ष करायचे, सात एमबी आहे की अजून. पण तो इशारा नुसता इशारा नव्हता, त्या पातळीला सिस्टीम मेलचं सिंक थांबवायची आणि येणारे एसएमएस घ्यायचंही बंद करायची. म्हणजे गेम टाकला म्हणून बँकेचा मेसेज येत नाहीये, हे कोणाच्या डोक्यात येणार?

यातून सुटायला रूट हवं होतं, आणि रूट कसं मिळालं ती गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये कळलं की आरसी२९ आवृत्तीपर्यंतच्या फर्मवेअरमध्ये (फोनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) पडद्यामागे एक शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, चालू राहिलेलं आहे, तेही रूटच्या अधिकाराने, आणि कीबोर्डवर तुम्ही जे काही टाइप कराल ते मेसेजमध्ये तर जातंच, शिवाय त्या शेलमध्येही जातं. कोणाला चॅटमध्ये "रीबूट" हा इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबलं की फोन खरंच रीबूट व्हायचा! गूगलने आरसी३० मध्ये ते बुजवलं, पण लोकांनी मागे जायचा रस्ता काढला, ड्रीमइमेजची जुनी फाइल कार्डवर टाकायची, कॅमेरा आणि पॉवर एकदम दाबून बूटलोडरमध्ये (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जायचं, जुनं फर्मवेअर चढवायचं, मग एंटर दाबून टेलनेटची (दुरून शेलमध्ये शिरू देणारी) कमांड टाइप करायची की रूट हातात. पुढे कस्टम रॉमचं, म्हणजे लोकांनी स्वतः बदललेल्या अँड्रॉइडचं, जे जग उभं राहिलं, जीझसफ्रीक आणि मग स्टीव्ह कॉन्डिकचं सायनोजेन, त्याची मुळं या एका गाफीलपणात आहेत.

आता उपाय बघा, आणि प्रत्येक उपायात किंमत कुठे मोजली तेवढं बघत चला, कारण मला या प्रकरणात सर्वात रंजक वाटतं ते हेच.

जागेसाठी, एसडी कार्डवर गाणी-फोटोंच्या भागाशेजारी लिनक्सचं एक्स्ट पार्टिशन (वेगळा वाटा) करायचं, ॲप्सचं फोल्डर तिथे हलवायचं आणि मूळ जागी सिमलिंक (नव्या जागेकडे बोट दाखवणारी खूण) ठेवायची. ७५ एमबीची कटकट गेली, पण आता ॲप कार्डवरून उघडणार, कार्ड स्वस्तातलं असेल तर उघडायलाच वेळ, आणि चालू फोनमधून कार्ड काढलं की संपलं. गूगलने स्वतःची ॲप कार्डवर हलवायची सोय दिली ती २.२ मध्ये, तोपर्यंत जी-वन अधिकृतरीत्या कधीच मागे सुटलेला होता.

रॅमसाठी, कार्डवरच स्वॅप पार्टिशन, म्हणजे रॅममधलं लगेच न लागणारं तात्पुरतं ठेवायची जागा. होम मरायचं थांबलं, पण कार्डावर सतत लिहिणं सुरू, कार्ड झिजणार आणि वेगही कार्डाएवढाच. त्याहून हुशार उपाय कॉम्पकॅशचा, नितीन गुप्ता यांनी लिनक्ससाठी लिहिलेला, रॅमचाच एक तुकडा स्वॅप म्हणून वापरायचा आणि त्यात जाणारी मेमरीची पानं कॉम्प्रेस करून ठेवायची. कार्ड नको, फ्लॅश नको, फक्त कॉम्प्रेस-डीकॉम्प्रेस करायला प्रोसेसर लागणार. म्हणजे ज्या प्रोसेसरला लोक शिव्या घालत होते त्याच्याकडून मेमरी उसनी घेतली, आणि फोन तरी बरा चालला, यावरून खरी टंचाई कशाची होती ते दिसतं. ३८४ वरून ५२८ वर नेण्याचा खरा फायदाही इथेच झाला. सायनोजेनमध्ये "होम मेमरीत लॉक करा" अशी सेटिंगही होती, ती लावली की आयकॉन जागेवर, पण तेवढी रॅम कायमची अडकली आणि किलर ब्राउझरवर घसरणार.

मग आला १० एमबीचा हॅक. ग्राफिक्ससाठी राखलेल्या मेमरीतले १० एमबी कर्नल बदलून सिस्टीमला द्यायचे. थ्रीडी गेम गेले. शंभरात दहा म्हणजे कमी नाही, त्यामुळे अनेकांनी आनंदाने गेमवर पाणी सोडलं.

आणि सर्वात धाडसी म्हणजे ज्याला लोक डेंजर एसपीएलच म्हणायचे, तो बदललेला बूटलोडर. तो फ्लॅशचे वाटेच नव्याने पाडायचा, कॅशचे ६७ बरेचसे कापून सिस्टीम आणि डेटाला द्यायचा. कॅशचं ते पार्टिशन कशासाठी होतं, तर मुख्यतः ओव्हर-द-एअर अपडेट उतरवायला आणि मार्केटची डाउनलोड चालू असताना तात्पुरती ठेवायला, एरवी रिकामं. एकूण २५६ मधली पाव जागा पुढच्या अपडेटची वाट बघत ठेवलेली. हा बूटलोडर चढवण्याआधी रेडिओचं (मोडेमचं) फर्मवेअर योग्य आवृत्तीचं हवं, नसेल तर फोनची वीट, बॅटरी काढून घाला, बटणं दाबा, काही होत नाही. सूचना मोठ्या अक्षरात लिहिलेल्या असायच्या आणि तरी विटा व्हायच्याच.

अधिकृत बाजू त्या मानाने लवकर संपली. शेवटचं अपडेट अँड्रॉइड १.६, ऑक्टोबर २००९ च्या सुमाराला. नोव्हेंबरात मोटोरोला ड्रॉइड २.० घेऊन आला, त्यात २५६ एमबी रॅम आणि ५१२ एमबी फ्लॅश, आणि जानेवारी २०१० मध्ये नेक्सस वन ५१२ एमबी रॅम घेऊन. म्हणजे सव्वा वर्षात रॅम अडीच पटीहून जास्त झाली. दोन वर्षांच्या करारावर जी-वन घेतलेला माणूस अजून हप्ते भरतोय आणि अपडेट संपलेली. सायनोजेनने मात्र याच फोनवर २.१ आणि २.२ सुद्धा चालवून दाखवलं, गूगलच्या ॲप्सचं खास छोटं पॅकेज वेगळं काढून, म्हणजे अशक्य नव्हतं, पण वर सांगितलेल्या सगळ्या तडजोडी पचवायची तयारी असेल तरच. सामान्य गिऱ्हाइकाला असं काही विकता येत नाही, एवढं कंपन्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

आपल्याकडे हा फोन आला तो मुख्यतः अमेरिकेहून येणाऱ्यांच्या बॅगेतून, अनलॉक करून. त्यांना आणखी एक अडचण पहिल्याच मिनिटाला यायची, फोन सुरू केला की गूगल खात्यात साइन-इन केल्याशिवाय पुढे जायचंच नाही आणि ते सिमच्या डेटावरूनच, वायफायची सोय त्या स्क्रीनवर नाही. मग मेनू बटण दाबून एपीएन (मोबाइल इंटरनेटची सेटिंग) शोधायचा, आपल्या कंपनीचा हाताने भरायचा, जीपीआरएसवर साइन-इन व्हायची वाट बघायची. थ्रीजीचं बघाल तर अमेरिकन मॉडेल १७०० बरोबर २१०० मेगाहर्ट्झवरही चालायचं आणि आपल्याकडे थ्रीजी आलं ते २१०० वरच, त्यामुळे तेवढं तरी नशीब बरं होतं. फक्त २०१० च्या शेवटाला खाजगी कंपन्यांचं थ्रीजी सुरू होईपर्यंत या फोनमध्ये नवीन ॲप्स टाकायला जागा उरली नव्हती.

कॉम्पकॅशचं पुढे नाव बदलून झेडरॅम झालं, २०१४ मध्ये ते लिनक्स कर्नलच्या मुख्य भागात गेलं, आणि २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये गूगलने ५१२ एमबीचे स्वस्त फोन नीट चालावेत म्हणून जी कामं केली त्यातही ते होतं. हातातल्या अँड्रॉइडचं मेमइन्फो काढून स्वॅपची ओळ बघा, बहुतेक फोनांवर तिथे भलामोठा आकडा दिसेल, आणि तो कुठल्या कार्डावरचा नसतो, रॅममधलाच असतो.